तू वाचायचास, मी सांगायचो

शफीक, आज तुझ्या दारातल्या बाकावर एक बाई येऊन बसली होती. दिंद्रुडकडची. दोन एसट्या बदलून आली बिचारी, कापडी पिशवीत नवऱ्याची फाईल घेऊन. तिच्या नणंदेला तू कधीतरी रिपोर्ट वाचून दिला होतास म्हणे, तेवढ्या ओळखीवर. मी तुझ्या घरासमोरून चाललो होतो तर मलाच विचारलं, "इंग्रजीचे सर हायत का?" मी सांगितलं, बाई, सर वारले, नऊ दिवस झाले. "अगं आई," म्हणाली आणि फाईल छातीशी धरून बसूनच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग तुमी तरी सांगा, आपरेशन करावं का न्हाई?"

मी काही न बोलता घरी निघून आलो. कुणी सल्ला मागितला आणि दत्तू मास्तरनं तोंड उघडलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. तू असतास तर हसून हसून बाकावरून पडला असतास.

थकलोय रे. सकाळी उठतो, चहा करतो, पेपर उघडतो आणि तसाच मिटून ठेवतो. नऊ दिवसांत तुझ्याबद्दल इतकी माणसं इतकं चांगलं बोलली, की तू जिवंत असतास तर वैतागून अंबाजोगाईला निघून गेला असतास. शाळेनं शोकसभा घेतली. मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, शफीक सर आमचे मित्र होते, आणि खाली बसलो. हेडमास्तरांना वाटलं, मला हुंदका आला. हुंदका नव्हता तो. खरं बोलायची हिंमत नव्हती आणि खोटं बोलायला त्राण नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. तुला. दुसऱ्या कुणाला लिहून काय उपयोग?

तू इंग्रजीचा, मी मराठीचा. सत्तावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये समोरासमोर बसलो. चारचौघांत एकमेकांना सर म्हणायचो आणि दार लागलं की बे. मला वाटलं होतं, रिटायर झालो की सुटलो. कसचं काय! युसूफ वडगावात आपल्या दोघांना रिटायरमेंट नव्हतीच. तुझ्या दारातला तो सिमेंटचा बाक म्हणजे आपली दुसरी शाळा झाली.

आपल्याकडच्या माणसांची एक भलती समजूत आहे. अंबाजोगाईचा डॉक्टर समोर बसवून मराठीत सगळं नीट समजावतो. ऐकतात, मान डोलावतात. पण बाहेर आल्यावर म्हणतात, तोंडानं सांगितलं ते आपल्या समाधानासाठी, खरं काय ते कागदावर इंग्रजीत लिव्हलंय. मग दवाखान्यातून निघालेली फाईल औषधाच्या दुकानात जायच्या आधी तुझ्या बाकावर यायची. तू चष्मा लावायचास, एकेक ओळ वाचायचास, एकेक ओळ मराठीत सांगायचास, आणि फाईल मिटून परत द्यायचास. "एवढंच लिव्हलंय."

"मंग काय करावं, सर?"

"ते मी सांगत न्हाई. मी वाचणारा माणूस हाय. सल्ला पाहिजे असंल तर हे बसलेत ना, यांचं दुकानच हाय."

आणि मी सुरू व्हायचो. लाज वाटते आता, पण तेव्हा मजा यायची. पोरीला नर्सिंगला घाला. बोअर आत्ता घेऊ नका. या डॉक्टरकडं नको, लातूरला दाखवा. भावाशी कोर्टात जाऊ नका, मी बोलतो त्याच्याशी. माझे सल्ले बरेचदा बरोबर निघायचे, हे तूही कबूल करशील. नर्सिंगला घातलेली ती पोर आज तिच्या घरचा आधार आहे. तिच्या बापानं मला पेढे दिले, तुला नाही. तेव्हा तुला म्हणालो होतो, बघ बे, नुसतं वाचणाऱ्याला कुणी पेढे देत नाही.

तू म्हणालास, "शिव्या बी देत न्हाईत."

मग ते गंगूबाईचं झालं. शाळेत खिचडी शिजवायची ती गंगूबाई. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. तू कागद वाचलास, त्यात ऑपरेशन लिहिलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "घाई करू नका. मोतीबिंदू पिकू द्या चांगला, कच्चा काढत नसतात." आमच्या आईच्या वेळी असंच सांगितलं होतं, आणि आईचं छान झालं होतं. गंगूबाईला तेच हवं होतं, चुलीपुढची सुट्टी कोण देणार होतं तिला? वर्ष गेलं. एक दिवस डोळा लाल झाला, डोकं फुटायची वेळ आली, आणि दवाखान्यात नेलं तर म्हणाले, उशीर झाला. त्या डोळ्याची नजर गेली ती गेलीच. माझ्यावर रागावली नाही ती. "माझं नशीब, गुरुजी," म्हणाली. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, शफीक. खरंच बरं वाटलं होतं.

तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. पाचव्या दिवशी खाकी कव्हर घातलेली तुझी ती जाडजूड डिक्शनरी काखेत मारून माझ्या ओट्यावर आलास. मी म्हटलं, आला बुवा, आता भाषण ऐका.

"दत्तू, एका शब्दात सांग. चुकीचा सल्ला देणं. एक क्रियापद पाहिजे."

मी मराठीचा मास्तर. मला काय कमी? "कान भरणं. फूस लावणं. भरीला घालणं. पट्टी पढवणं. किती देऊ?"

"गंगूबाईला तू फूस लावलीस?"

"तोंड सांभाळून बोल बे!"

"तेच म्हणतोय. तू सांगितलेल्या सगळ्यांत पोटात पाप हाय. चांगल्या मनानं सांगितलं अन् समोरच्याचं वाटोळं झालं, त्याला काय म्हणतोस?"

मी विचार केला. बराच केला. मग चिडून म्हणालो, सल्ला हा शब्दच मुळात तुमच्याकडून आलाय, तूच सांग.

"आलाय की. सलाह. अरबीत त्याचा अर्थ भलेपणा." मग तू हसलास. "म्हणून तर आपल्याला पटतच न्हाई, की सल्ला वाईट बी असू शकतो."

मग ती डिक्शनरी उघडलीस. इंग्रजांकडं असं एक क्रियापद होतं म्हणालास, मिसरीड. चुकीचं वाचणं या अर्थाचं नव्हे, जुनं. आज कुणी बोलत नाही, मेलंय. अर्थ साधा, चुकीचा सल्ला देणं. त्यात कपट नाही, पाप नाही. मिस म्हणजे वाकडं, चुकलेलं. आणि रीड? रीड म्हणजे वाचणं, हे मलाही माहीत होतं. तू म्हणालास, तिथंच तर घोळ आहे. इंग्रज लोक पुस्तकं वाचायला लागले त्याच्या आधीपासून तो शब्द त्यांच्याकडं होता, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता सल्ला देणं. मग कोडं सोडवणं, खुणांचा अर्थ लावून दुसऱ्याला सांगणं. आणि मग कागदावरच्या खुणांचा अर्थ लावणं, म्हणजे वाचणं. शेजारच्या जर्मन लोकांत त्याच घराण्यातला शब्द अजून सल्ल्यालाच वापरतात.

मला आधी काही कळलं नाही. तू वर्गात समजावतोस तसं बोट आपटून परत सांगितलंस. "म्हंजे वाचणं अन् सल्ला देणं एकाच आईची लेकरं हायत, दत्तू. मी तुला शिव्या द्यायला शब्द शोधाया गेलतो, अन् त्यात मीच सापडलो."

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. म्हटलं, झालं की मग! इतकी वर्षं 'मी फक्त वाचतो' म्हणून सोवळ्यात बसला होतास, उतर आता खाली.

तू उतरलास. ही तुझी रीत. दुसरा कुणी असता तर डिक्शनरी मिटून गुपचूप घरी ठेवली असती. तू म्हणालास, "खरं हाय तुझं. वाचताना मी आवाज खाली केला की लोक घाबरतात. उगं भराभरा वाचलं की त्यांना वाटतं, कायबी न्हाई. आवाज बी सल्लाच हाय." त्या दिवसापासून तू सगळ्यांची फाईल एकाच सुरात वाचायला लागलास, वाण्याच्या यादीसारखी. कॅन्सर असो नाहीतर खोकला.

पण आपलं भांडण तिथं मिटलं नाही, आणि आता ते तसंच राहिलं. माझं म्हणणं, मन साफ असेल तर दोष नाही. देव मन बघतो. तू म्हणायचास, देवाचं देव बघंल, शब्दाचं तसं नाही. "ह्यो शब्द तुझं मन विचारत न्हाई. समोरच्याचं काय झालं, तेवढंच विचारतो." मी म्हणायचो, मग माणसानं बोलूच नये काय? तू म्हणायचास, बोल की, पण गंगूबाईच्या घरी जाऊन एकदा म्हण, माझं चुकलं. मी गेलो नाही. दोन वर्षं झाली. तू दर महिन्याला एकदा आठवण करायचास आणि मी दर वेळी विषय बदलायचो.

एवढं सगळं तुला माहीत होतं. मग कशाला आलास बे माझ्याकडं?

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओट्यावर मेथी निवडत होतो. तू आलास, पांढरा सदरा, हातात निळी फाईल. मला वाटलं, कुणाची तरी आणलीस. बसलास, चष्मा लावलास आणि वाचायला लागलास. तसाच, एका सुरात. नाव वाचलंस तेव्हा मला कळलं, ती तुझीच आहे. जिना चढताना छातीत दुखतं म्हणून तू एकटाच अंबाजोगाईला जाऊन आला होतास. शेवटची ओळ वाचलीस, "ॲडव्हाइज्ड, ॲन्जिओग्राफी, लवकरात लवकर." फाईल मिटलीस. "एवढंच लिव्हलंय," म्हणालास. आणि मग जे तुझ्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं ते म्हणालास.

"काय करू? सबाचं लग्न पस्तीस दिवसांवर हाय."

मला किती आनंद झाला माहितीय? सांगायचीही लाज वाटते. एवढ्या वर्षांनी शफीक मास्तर माझ्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून आला! मी मेथी बाजूला सारली, मांडी घातली आणि सुरू झालो. मला नाही का झालं होतं असंच? लातूरला नेलं, सगळ्या मशिनींत घातलं, आणि निघालं काय, तर ॲसिडिटी. डॉक्टर लोक लवकरात लवकर असंच लिहितात, त्यांना लिहावं लागतं. लग्न तोंडावर आलंय. मांडवात बाप नसेल तर पोरीच्या सासरचे काय म्हणतील? आधी लग्न उरकून घे. मग आपण दोघं जाऊ निवांत. तोवर तेलकट बंद कर, पाठवणीच्या दिवशी बिर्याणी तेवढी खा.

"हां," तू म्हणालास. "बरोबर हाय तुझं."

चहा आला. तू अर्धा ठेवलास. साखर जास्त झाली म्हणालास.

अठराव्या दिवशी दुपारची नमाज पढून तू पत्रिका वाटायला निघालास. उंबऱ्यावर बसून चपला घालत होतास. एक घातलीस. दुसरी हातातच राहिली, असं भाभी म्हणतात. मी पोचलो तेव्हा तुला आत आणून निजवलं होतं. पत्रिका सगळ्या दारात पसरल्या होत्या, आणि शेजारच्या बाया त्या गोळा करत होत्या. मी पण गोळा करायला लागलो. दुसरं काय करावं सुचलं नाही.

कब्रस्तानात खांदा दिला. माती टाकली, तीन मुठी, सगळे टाकतात तशी. तुझा धाकटा भाऊ मला मिठी मारून रडला, म्हणाला, दत्तूभाई, तुमच्याएवढं त्यांचं कुणी नव्हतं. आणि तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? राग आला. तुझा. मातीचा ओला वास येत होता आणि मी मनात तुझ्याशी भांडत होतो. आवाज का नाही रे खाली केलास? गावाच्या फायली एका सुरात वाचायचास ते ठीक. स्वतःची पण वाण्याच्या यादीसारखी वाचलीस. 'लवकरात लवकर' म्हणताना एकदा थांबला असतास, एकदा माझ्याकडं बघितलं असतंस, तर मी शहाणा झालो असतो. आता मी तुझ्या आवाजाला दोष देतोय. बघ माझी लायकी.

तुझ्यासारखं मला कधी जमलंच नाही. तुझी सुमनवहिनी गेली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि जो येईल तो मला म्हणायचा, सावरा, पोरांकडं बघा, देवळात जात जा. मी आयुष्यभर लोकांना जे वाटलं ते सगळं तेरा दिवसांत परत मिळालं. तू तेरा दिवस रोज सकाळी आलास. एकदाही सावर म्हणाला नाहीस. खुर्ची ओढून बसायचास आणि पेपर उघडून मोठ्यानं वाचायचास. बाजारभाव, अपघात, निधनवार्ता सुद्धा. मी ऐकत नव्हतो, तुला ते माहीत होतं. पण घरात एक आवाज चालू राहायचा. तेवढ्यावर मी ते तेरा दिवस काढले. त्याबद्दल तुला कधी काही बोललो नाही. म्हणायचं असतं असं, हेच कळलं नाही. माझी पोरगी आज पुण्यात इंग्रजीतून फडाफडा बोलते ती तुझ्यामुळं, हेही कधी म्हणालो नाही. उलट म्हणायचो, तुझ्यामुळं तिचं मराठी बिघडलं.

आणि सीताफळं. तुझे वडील अंबाजोगाईत फळांचा गाडा लावायचे, त्यामुळं फळाच्या बाबतीत तू कुणाचं ऐकायचा नाहीस. दर मोसमात माझ्या हातातलं सीताफळ काढून घ्यायचास, "हे न्हाई, याला आजून दोन दिवस हायत," म्हणून. तेवढा एक सल्ला तू देत होतास. तो कधी चुकला नाही.

परवा भाभींनी निरोप पाठवला, दत्तूभाईंना बोलवा, विचारायचं हाय.

मला माहीत होतं काय विचारणार ते. सबाचं लग्न. मुलाकडचे म्हणतात, ठरल्या तारखेला साधेपणानं निकाह लावू. तुझा भाऊ म्हणतो, घरात मौत झालीय, वर्षभर नाव काढू नका. भाभींना काही सुचत नाही, आणि सुचत नसलं की गावात दत्तू मास्तर आहेच. पण मी ठरवलं होतं. काही सांगायच्या आधी ते सांगायचं. फाईल घेऊन तू माझ्याकडं आला होतास आणि मी तुला थांब म्हणालो, हे त्यांना माझ्या तोंडून कळलं पाहिजे. मग त्यांनी दार दाखवलं तरी चालेल. दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं मला.

तुझ्या बैठकीत बसलो. भाभी इद्दतीत बसल्यात, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून मधल्या दाराला पडदा लावलाय. पंचवीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायलो त्या बाई पडद्याआड, आणि मी खुर्चीवर. तोंड दिसत नव्हतं. मला वाटलं होतं, त्यामुळं सोपं जाईल. उलटंच झालं. समोर माणूस असला की त्याच्या तोंडाकडं बघून शब्द बदलता येतात. पडद्याकडं बघून काय बदलणार?

"भाभी, लग्नाचं नंतर. आधी माझं ऐका."

सगळं सांगितलं. मेथी, निळी फाईल, लातूर, ॲसिडिटी, सगळं. चांगल्या मनानं सांगितलं, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तुझी आठवण आली. म्हणालो नाही. म्हणालो, "माझं चुकलं." गंगूबाईला जे दोन वर्षं म्हणता आलं नाही ते तुझ्या बायकोला म्हणालो.

 पडद्यामागून भाभी बोलल्या, आवाज अगदी बसलेला.

"मला म्हाईत हाय. त्याच दिशी घरी येऊन सांगितलं त्यांनी. दत्तू बोलतोय, लग्नानंतर बघू."

"मग तुम्ही..."

"मी काय? मला बरं वाटलं, दत्तूभाई. पोरीच्या लग्नात इघ्न नको, हेच माझ्या डोक्यात. मी म्हणले, दत्तूभाई शाने हायत, त्यांचं ऐका." मग म्हणाल्या, "तुमच्या अगोदर ते भावाला बी बोलले होते. भाऊ म्हणला, उद्याच चला. मंग तुमच्याकडं आले. त्यांना 'थांबा'च ऐकायचं होतं, ते कुठं मिळंल त्यांना ठाऊक होतं."

शफीक, हे ऐकून माझं ओझं हलकं व्हायला पाहिजे होतं. नाही झालं. 'थांबा'च ऐकायचं होतं म्हणून तू माझ्याकडं आलास. इतक्या वर्षांच्या दोस्तीत तुला माझी एवढी पक्की ओळख झाली होती.

"आता सांगा," भाभी म्हणाल्या. "निकाह लावू का थांबू?"

"भाभी, मला नका विचारू. मी आता कुणाला काही सांगत नाही."

"वा!" आवाज एकदम चढला. "मंग कुणाला विचारू? ते गेले. तुमी बी असं बोलले तर मी भिताडाला विचारू का?"

 तेवढ्यात सबा आतून चहा घेऊन आली. आठवड्यात निम्मी झालीय पोरगी. कप माझ्यापुढं ठेवला आणि तिथंच उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं. तोंडावरूनच कळत होतं.

"अम्मी, काकांना नको विचारूस. त्या लोकांना मी सकाळीच फोन केलाय. पुढच्या वर्षी, म्हणून सांगितलं. ते बरं म्हणले." तुझ्यासारखंच बोलली, एका सुरात. मग माझ्याकडं वळली. "मला सल्ला नको, काका. मला एकच सांगा. अब्बा तुमच्याकडं आलते तवा त्यांना लई दुखत होतं का?"

मी तोंड उघडलं. आठवायला लागलो. सदरा आठवला, फाईलचा रंग आठवला, तू कोणत्या पायरीवर बसलास ते आठवलं. मी काय काय बोललो ते तर शब्द न शब्द आठवत होतं. लातूरची गोष्ट किती रंगवून सांगितली होती मी! पण तू काय सांगितलंस? कुठं दुखतं, किती दिवसांपासून, रात्री झोप लागते का? तू काहीच सांगितलं नव्हतंस. कसा सांगशील? मी बोलायचा थांबलो कधी?

"मी विचारलंच नाही, बाळा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली.  चहा तसाच होता, तो तिनं उचलला आणि पडदा बाजूला करून आत गेली.

घरी आलो. कालचा दिवस बसून काढला. आज ती दिंद्रुडची बाई भेटली तेव्हा तिला सल्ला दिला नाही, हे मला मोठं शहाणपण वाटत होतं. आता हे लिहिता लिहिता लक्षात येतंय, मी तिलाही काही विचारलं नाही. नवऱ्याला काय झालंय, एवढं सुद्धा नाही. उठून चालायला लागलो.

शफीक, मेथी बाजूला ठेवलीय. गप्प बसलोय. सांग.

किती दुखत होतं रे तुला?